लिंबाला टांगलेलं इंजिन

लिंबाला लिंबोळ्या लागतात, असं मी शाळेत शिकवतो. आमच्या आळीतल्या याकोबमामांच्या लिंबाला मात्र दर मे महिन्यात इंजिन लागायचं. मोटारीचं अख्खं इंजिन, तेलानं माखलेलं, साखळीला टांगलेलं! नवीन पोस्टमन पहिल्यांदा आला तेव्हा हातात पत्र धरून पाच मिनिटं वरच बघत राहिला.

याकोबमामा म्हणजे साखर कारखान्यातले निवृत्त फिटर. देवळाली प्रवरेत आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. दोन खोल्या, मोठं अंगण, अंगणात लिंब आणि लिंबाखाली पांढरी ॲम्बेसेडर. मार्थामामी गेल्यापासून घरात एकटेच. गाडी महिन्यातून एकदा राहुरीला जायची आणि परत यायची. बाकीचे दिवस मामा तिच्याखाली आडवे. मला त्यांच्या तोंडापेक्षा त्यांच्या पायांची ओळख जास्त. अंगणात शिरलं की गाडीखालून आवाज यायचा, "कोन, मास्तर? तो दहाचा पाना दे."

इंजिन काढायचं कारण ठरलेलं होतं. तेल गळतंय. गाडीखाली एक जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटली ठेवलेली असायची, आणि तिच्यात एक थेंब. आठवड्याला एक! मामा ती ताटली माझ्या नाकासमोर धरायचे.

"मागचं सील गेलंय. इंजिन उतरवावं लागतंय."

"मामा, एका थेंबासाठी? वरून थोडं तेल ओता की."

"तुजं नाक गळाया लागलं तर वरून पानी पितो का तू?"

मग मी, गणिताचा मास्तर, नगरला जायचो आणि नवं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, घेऊन यायचो. दर वर्षी.

आता गॅरेजमध्ये इंजिन काढणं वेगळं आणि अंगणात काढणं वेगळं. मामांकडे होती एक चेनकप्पी, कारखान्याच्या भंगारातून आणून स्वतः दुरुस्त केलेली. ती लिंबाच्या जाड फांदीला बांधायची. फांदीला काचू नये म्हणून आधी जुन्या टायरचा तुकडा गुंडाळायचा. कप्पीनं इंजिन वर उचललं जातं, पण बाजूला होत नाही, कारण झाड काही हलत नाही. म्हणून मग इंजिनाखालून गाडीच मागं ढकलायची. बसवताना उलटं. इंजिन लटकवायचं आणि गाडी इंच इंच पुढं आणायची.

याला माणसं लागतात. साखळी ओढायला दूधवाले नामदेवअण्णा, कारण त्यांचे दंड म्हशी पिळून पिळून दगडासारखे झालेले. चाकामागं वीट लावायला समोरच्या सिंधूताई. इंजिन झुलू नये म्हणून धरायला मी. गाडी ढकलायला आळीतले जे सापडतील ते. वेळ ठरलेली, रविवारी चर्च सुटल्यावर.

आणि यातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे प्रार्थना. इंजिन गाडीतून वर निघालं, हवेत लटकलं, की मामा हात वर करायचे. "थांबा. डोळं मिटा." हिंदू असो, मुसलमान असो, डोळे मिटायचेच. मामा आधी एकेकाला विचारून घ्यायचे, "काय दुखतंय तुजं? घरी काय?" मग तेच सगळं देवाच्या कानावर घालायचे, आमच्यादेखत, मोठ्यांदा.

"बापा, या नामदेवाच्या गुडघ्याकडं बघ. लपवतोय, पन लंगडतोय. सिंधूच्या सुनेच्या हातातला मोबाईल जरा येळ खाली ठेव."

"अहो मामा, सून घरातच आहे, ऐकतीये!" सिंधूताई डोळे मिटूनच ओरडायच्या.

"ऐकू दे. देवाला वेगळं आनि तिला वेगळं सांगू का?"

शेवटी नेहमी माझा नंबर. "आनि या मास्तरला अक्कल दे." बस, एवढंच. लेकराबाळांसाठी काही नाही, तब्येतीसाठी काही नाही. सहा वर्षं माझ्यासाठी हेच मागणं! आणि नामदेवअण्णा त्यावर खणखणीत आवाजात "आमेन" म्हणायचे, जणू त्यांचीच मागणी.

मग चहा, भजी, आणि गाडी ढकलताना झालेली आरडाओरड परत सगळ्यांनी सगळ्यांना सांगायची. इंजिन परत बसलं की एखादा बोल्ट हमखास उरायचा. मी दाखवला की मामा तो खिशात टाकायचे. "उरला म्हंजे बरकत हाय." पुढच्या आठवड्यात ताटलीत परत थेंब.

आता माझी अक्कल ऐका. माझ्या मेव्हण्याचं नगरला गॅरेज आहे. त्यानं नवी यंत्रं घेतली आणि जुनी चाकांची क्रेन कोपऱ्यात टाकली. दांडा हापसला की हुक वर जातो, आणि क्रेन इंजिनासकट ढकलत कुठंही नेता येते. एकटा माणूस, एक दुपार, काम फत्ते. मला वाटलं, मामा सत्तरी ओलांडलेले, दर वर्षी दहा जणांच्या विनवण्या करत फिरतात, त्यांचे कष्ट वाचतील. टेम्पोत घालून आणली ती क्रेन आणि मोठ्या दिमाखात अंगणात उभी केली.

मामांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. दांडा हापसून पाहिला.

"मानसं न्हाई लागत व्हय हिला?"

"एकसुद्धा नाही, मामा!" मी छाती फुगवून म्हणालो.

"बरं हाय," ते म्हणाले. "लई बरं हाय."

अहो, त्या आवाजात आनंद नव्हता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला वाटलं, भारावलेत.

त्या मे महिन्यात इंजिन एका दुपारी निघालं आणि दोन दिवसांत बसलं. कुणाला हाक नाही, भजी नाही, आरडाओरड नाही. आळीतले लोक मला म्हणाले, "मास्तर, सुटलो बाबा!" मीही दोन दिवस कॉलर ताठ करून फिरलो. पुढच्या वर्षी मामांनी इंजिन काढलं, एका जुन्या टायरवर ठेवलं, वर चादर टाकली, आणि बसवलंच नाही. मी विचारलं की म्हणायचे, "बसवू. घाई कुनाला हाय? मशिन हाय की तुजं."

पाऊस आला, चादरीवर पालापाचोळा साठला. ऑगस्टमध्ये नामदेवअण्णा गेले. गुडघ्याचं दुखणं म्हणत म्हणत ते हाडाच्या कॅन्सरचं निघालं. वर्षभर अंगावर काढलं त्यांनी. घरच्यांना सांगितलं नाही, आम्हाला सांगितलं नाही. मामांना मात्र दर वर्षी सांगायचे, कारण इंजिन डोक्यावर लटकत असताना मामा विचारल्याशिवाय सोडायचे नाहीत. दोन वर्षं कुणी विचारलंच नाही. मी त्यांच्याकडून रोज सकाळी दूध घेत होतो हो! "काय अण्णा?" "बरंय मास्तर." संपलं. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

दिवाळीनंतर मामांना ताप आला. मी डबा घेऊन गेलो तर म्हणाले, "फळीवरच्या बिस्किटाच्या डब्यात गोळ्या हायत." मी डबा उघडला. चुकीचा डबा होता. आत गोळ्या नव्हत्या, रबरी सीलं होती. एकूण सहा, कागदासकट, कोरी करकरीत. क्रेन येण्याआधीच्या सहा वर्षांत नगरहून मीच आणलेली. खाली मूठभर बोल्ट.

इंजिन दर वर्षी खाली उतरायचं, पुसलं जायचं आणि तेच जुनं गळकं सील घेऊन परत बसायचं. कारण सील बदललं असतं तर थेंब थांबला असता. आणि थेंब थांबला असता तर मामांनी आळीला हाक कशासाठी मारायची? 'एकटं वाटतंय, या जरा,' असं म्हणणाऱ्यातला तो माणूस नव्हता.

मी डबा बंद करून होता तिथं ठेवला. दुसऱ्या डब्यातल्या गोळ्या दिल्या. मामा भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी काय बघितलं ते त्यांना कळलं असावं.

ते हिंडूफिरू लागल्यावर एका सकाळी मी अंगणात गेलो, क्रेनच्या पंपाचा स्क्रू ढिला केला आणि हाक मारली, "मामा, मशिन बिघडलं. हुक वरच जात नाही."

चाळीस वर्षं कारखान्यात यंत्रं दुरुस्त केलेला फिटर तो. खाली वाकला. त्या स्क्रूकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. बोटांनी फिरवला असता तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

"लई बिघडलंय," मामा म्हणाले. "दुरुस्त व्हायचं न्हाई. देऊन टाक मेव्हन्याला."

त्या रविवारी चर्च सुटल्यावर सगळे आले. फांदीला टायरचा तुकडा बांधला, कप्पी चढवली. सिंधूताई वीट घेऊन बसल्या, या वेळी सूनही गाडी ढकलायला आली. नामदेवअण्णांच्या जागी साखळी मी ओढली. दोन हात ओढल्यावर मला धाप लागली, आणि हा माणूस दुखणारा पाय घेऊन हे करायचा, हे तेव्हा समजलं.

इंजिन वर लटकलं. मामांनी एकेकाला विचारलं, सावकाश, कुणालाही न वगळता. मग हात वर केले. आम्ही डोळे मिटले.

"बापा, नामदेव तुज्याकडं आलाय. त्याचं गुडघं बघ. हितं आमी इचारलं न्हाई." वर साखळी करकरली. "आनि या मास्तरला तू अक्कल दिलीस. उशिरा दिलीस, पन दिलीस."

आमेन म्हणायला कुणी पुढं होईना. ते काम अण्णांचं होतं. शेवटी साखळी घट्ट धरून मीच म्हणालो.