आठ कोअर, सात मोकळे

शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेसाठी आठ कोअरचा संगणक घ्यायचा ठराव चार महिन्यांत झाला, म्हणजे चांगलीच घाई झाली. आता त्यात कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची हे ठरवायला आठही संचालक ऑफिसात जमले होते. चार बंजारा तांड्याचे, चार गावाचे. अध्यक्ष तांड्याचे नायक धनसिंग, उपाध्यक्ष गावचे मारोतराव. काम करायला मात्र एकटी बबिता होती. तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, कारण तिला कोणी काही विचारतच नव्हतं.

बबिताला या निवडीची धास्ती वाटत होती. हमीभावाच्या खरेदीसाठी सोयाबीनची ऑनलाइन नोंदणी सुरू होणार होती. मागच्या वर्षी जुन्या संगणकावर निम्मे शेतकरी नोंदणीवाचून राहिले. यंदा एकही राहिला तर तिची नेमणूक पुढे चालू ठेवायची नाही, असं संचालकांनी आधीच ठरवलं होतं.

"यात आठ कामकरी आहे समजा," घाटंजीचा संगणकवाला बादल सांगू लागला. "सिस्टीम म्हणजे त्याईचा मुकादम. मुकादम चांगला असला तं आठाईले काम वाटून देते. भंगार असला तं एक जण मरमर मरते आन् सात जण खर्रा घोटत बसते."

आठही संचालकांनी तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला.

"जुनीच टाक," मारोतराव म्हणाले. "माह्या बोटाले तिची सवय आहे."

त्यांचं बोट संगणकाला एकदाच लागलं होतं, दसऱ्याच्या पूजेत कुंकू लावताना.

"काका, जुनीले हे आठ कोअर झेपत नाई," बबिता म्हणाली. "नवीच टाका, पाया पडतो तुमच्या."

तासभर चर्चा होऊन नवी सिस्टीम मंजूर झाली. बबिता सुटकेचा श्वास सोडणार, तोच नायकांनी विचारलं, "ही नवी आठाईलेबी एकदमच जुंपते का?"

"हो नं! तेच तं तिचं वैशिष्ट्य आहे," बादल म्हणाला.

"मंग खराब हाये. आमच्या आज्यानं लदेणीत बैलाच्या पाठीवर गोण्या टाकून सारा मुलुख पालथा घातला. पण सारे बैल एकदम कधी लादले नाई. मोकळे बैल संगं चालवा लागते. एक थकला का दुसरा."

"नायकसाहेब, हे बैल नाई. हे थकत नाई."

"तुह्या आज्यानं लदेणी केलती का?"

बादलचा आजा शिंपी होता. तांड्याच्या संचालकांना आज्याचा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता, आणि गावच्यांकडे त्याच्या तोडीचा दुसरा आजा नव्हता. ठराव एकमताने झाला: एक कोअर कामावर, सात मोकळे. बादलने कपाळावर हात मारत तशी सेटिंग करून दिली. कोणी परस्पर बदल करू नये म्हणून तिला पासवर्ड लावला. तोही संस्थेच्या रिवाजाप्रमाणे दोन सह्यांचा, म्हणजे पुढचा अर्धा नायकांकडे, मागचा अर्धा मारोतरावांकडे.

नोंदणी सुरू झाली. एकेका अर्जाला पाऊण तास लागू लागला. बबिता डबा घरून आणायची आणि भरलेलाच परत न्यायची. नायक रोज येऊन संगणकावर तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "पाहा, कसा थंडगार हाये! जुना तं तव्यावानी तापे."

शेवटच्या दिवशी दुपारी शहाण्णव शेतकरी बाकी होते, आणि संध्याकाळी सहाला नोंदणी बंद होणार होती.

"पासवर्ड सांगा," बबिता रडकुंडीला येऊन म्हणाली. नायकांनी आपला अर्धा लगेच सांगितला. मारोतराव छताकडे पाहत राहिले.

"कुठं लिहून नाई ठेवला का?"

"सुरक्षेची गोष्ट लिहून ठेवते का कोणी?"

बादलला फोन लावला, तर तो मुकुटबनला. म्हणे साताला येतो. शेवटी नायकांनी तातडीची सभा बोलावली. तीन वाजता आठही संचालक हजर झाले आणि मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला लागले.

बबिताचं लक्ष टेबलाकडे गेलं. तिथे आठ मोबाईल ठेवले होते. एकेक तिच्या संगणकाला मागे टाकेल असा, आणि त्यांच्यावर दिवसभर शुभ सकाळची फुलं पाठवण्यापलीकडे काही होत नव्हतं. अर्ज मोबाईलवरही भरता येत होता. तिने उठून दाराला आतून कडी लावली.

"इतिवृत्त नंतर. नायककाका, हे बारा कागद तुमचे. मारोतरावकाका, हे बारा तुमचे."

"आम्ही संचालक आहो!" मारोतराव ओरडले.

"बाहेर शहाण्णव जण उभे आहे. त्याईले सांगू का, पासवर्ड कोण विसरलं ते?"

मारोतरावांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि मुकाट्याने मोबाईल उचलला.

मग बबिता नुसती फिरत राहिली. कोण अडलं, कोण रिकामं झालं यावर तिची नजर होती. मारोतराव तिसऱ्या अर्जावरच घामाघूम झालेले दिसले, तेव्हा त्यांचे चार कागद उचलून तिने नायकांना दिले. कोणी फुलं पाहताना सापडला की त्याच्यापुढे आणखी दोन कागद पडत. सहाला दहा कमी असताना शहाण्णवावा अर्ज गेला. बाहेर टाळ्या पडल्या, आत संचालक बोटं चोळत बसले.

पुढच्या सभेत बबिताच्या नेमणुकीचा विषय निघाला.

"काम तं आम्ही आठाईनं केलं," मारोतराव म्हणाले. "हिनं एक अर्जबी नाई भरला. नुसती हिंडे. याचं काढून त्याले दे, त्याचं काढून मले दे. मंग हिले ठेवाची कायले?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतिवृत्त लिहिणाऱ्या बबिताचा हात थांबला. तिला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला, कारण मारोतराव बोलले त्यातला एक शब्द खोटा नव्हता.

पासवर्ड तोडायला आलेला बादल संगणकामागून म्हणाला, "मारोतरावजी, यालेच ऑपरेटिंग सिस्टीम म्हणते."

नायकांनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला.

"मंग ही बदलाची नाई," ते म्हणाले. "लिही बेटी, ठराव मंजूर."

बबिताने लिहिलं. पण पेन खाली ठेवला नाही.

"काका, अजून एक लिहू का? सारे बैल एकदम लादाचे नाई म्हणता तुम्ही. मी तं एकटीच आहो. मले हप्त्यातून एक दिवस मोकळी ठेवा."

आता साक्षात आजाच आडवा आल्यावर कोण काय बोलणार? नायकांनी मान हलवली. हा ठराव बबिताने जरा मोठ्या अक्षरात लिहिला आणि सहीसाठी वही आधी मारोतरावांपुढे सरकवली, ते विसरायच्या आत.