सासऱ्यांच्या रेडिओचा व्हॉल्यूम

सासऱ्यांच्या रेडिओला हात लावायचा नाही, हा आमच्या घरातला एक नियम मी आजवर मनापासून पाळत आलो होतो. (बाकीचे बायको पाळायला लावते.) पण त्या दिवशी ती वडिलांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, घरात मी एकटा उरलो आणि डोक्यात किडा वळवळला.

रेडिओ लाकडी, व्हॉल्व्हचा. वयाने माझ्यापेक्षा मोठा आणि तब्येतीने बरा. फक्त आवाजाचं बटण फिरवलं की खरखर व्हायची, शब्द कळायचे नाहीत. सासरे म्हणायचे, "रेडिओ बिघडलाय." बायको म्हणायची, "बाबा, तुमचे कान बिघडलेत." वर्षभर विनवण्या करून, रुसून, शेवटी रडून तिने त्यांना कानाच्या मशीनला कसंबसं राजी केलं होतं. म्हटलं, कान दुरुस्त होतायत, तर आपण रेडिओही करून टाकू. सासरे खूश, बायको खूश, जावयाची कॉलर ताठ!

नवा व्हॉल्यूम कंट्रोल मी आधीच आणून स्वेटरांमागे दडवला होता. प्लग काढला, रेडिओ उलटा करून त्याच्याच डोक्यावर उभा केला, मागचं झाकण उघडून जुना कंट्रोल सोडवला. त्याला तीन वायरी. डावी, मधली, उजवी. यात लक्षात काय ठेवायचं? मग रेडिओ सुलटा केला आणि डावी डावीकडे, उजवी उजवीकडे ऐटीत जोडून टाकली. (उलटं सुलटं केलं की डाव्याचं उजवं होतं, हा विचार मला त्या क्षणी शिवलासुद्धा नाही.) शेवटचा स्क्रू आवळतोय तोच दारावरची बेल वाजली. प्लग तेवढा घाईघाईत खोचला, लावून बघायचं राहूनच गेलं!

सासरे आत आले ते थेट रेडिओकडे. कानात नवंकोरं मशीन. बायको स्वयंपाकघरात पाणी आणायला गेली.

"बघू तरी, काय दिवे लावतंय हे," म्हणत त्यांनी बटण जरासं फिरवलं. टक्! रेडिओ चालू झाला, पण व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात माझा शर्ट पाठीला चिकटला. मग बातम्या देणाऱ्या बाई अशा काही किंचाळल्या की शेजारी भिंतच बडवायला लागला. सासऱ्यांनी दचकून बटण मागे फिरवलं, टक्, बंद. पुन्हा लावलं, पुन्हा किंकाळी. या वेळी गडबडीत त्यांनी बटण पुढे फिरवलं, आणि बाई कुजबुजायला लागल्या. आणखी पुढे फिरवलं, तर गप्पच!

त्यांनी रेडिओ बंद केला.

"मशीन उलटं आहे!" ते गरजले. "आवाज वाढवला की कमी ऐकू येतं! आत्ताच्या आत्ता परत करा. आणि यापुढे कानाला काही लावायला सांगाल तर याद राखा!"

बायको पाण्याचा ग्लास घेऊन दारातच थिजली. तिचे डोळे भरून आले. "अहो, तुम्ही तरी समजावा ना त्यांना."

गप्प बसलो तर मी वाचत होतो, पण तिची वर्षभराची मेहनत पाण्यात जात होती. आणि बोललो तर सासरे माझी चामडी लोळवणार होते.

"बाबा," मी पुटपुटलो, "मशीन चांगलं आहे. रेडिओ मी उघडला होता. माझं चुकलं."

"काय?"

"रेडिओ मी उघडला होता. माझं चुकलं!"

"अं?"

"माझं चुकलं! माझं! चुकलं!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. पलीकडे भिंत बडवणं थांबलं.

सासरे खुर्चीत आरामात टेकले. "पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. मशीन उत्तम आहे. राहू दे कानात."

मी सुटकेचा निःश्वास सोडतोय, तोवर बायको डोळे पुसत पुढे झाली आणि वडिलांच्या कानाकडे निरखून बघायला लागली.

"बाबा, असलं एक मलाही घ्यायचं का हो? लग्न झाल्यापासून 'माझं चुकलं' हे वाक्य मला एकदाही ऐकू आलेलं नाही."