साळव्यांनी घेतलेले जबाब

ज्या नटाला बघायला कात्रजच्या चौकात रस्ता अडला होता, त्याला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून साळव्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नाव?"

नट हसला. साळवे पेन्सिल कागदावर टेकवून थांबले.

"हसलात ते लिहू का?"

"नको, नको." त्यानं नाव सांगितलं.

"हे पडद्यावरचं झालं. आईनं ठेवलेलं?"

तेही त्यानं सांगितलं. मग वय, धंदा, राहणार. वयापाशी तो जरा अडखळला, तेव्हा साळवे मायेनं म्हणाले, "सावकाश आठवा. घाई नाही."

साळवे छत्तीस वर्षं कोर्टात लघुलेखक होते. साक्षीदार बोलायचे, साळवे उतरवून घ्यायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या सोसायटीचा वार्षिक अंक हाती घेतला आणि त्यात नामवंत गायक-वादकांच्या, नटनट्यांच्या मुलाखती छापायला सुरुवात केली. मुलाखत हा शब्द मात्र त्यांना मान्य नव्हता. ते जबाब म्हणत. त्या नटाचा जबाब पुढे असा छापून आला: "मी सिनेमात काम करतो. मला नाचता येत नाही. हे म्हणणे खरे नाही की पुलावरून उडी मी स्वतः मारली. स्वतःहून सांगतो की मला पाण्याची भीती वाटते."

एवढी मोठी माणसं आमच्या अंकासाठी कशी तयार होतात, हे कोडं मला साळव्यांचं पत्र वाचल्यावर सुटलं. "आमचा अंक चौऱ्याऐंशी घरांत जातो. पैकी नऊ घरे बंद असतात. उरलेल्यांत वाचणारे थोडे. आपली कोणतीही प्रसिद्धी होणार नाही, याची खात्री देतो." प्रसिद्धीला कंटाळलेल्या माणसाला याहून मोठं आमिष कोणतं? एक सतारिये तर स्वतः रिक्षा करून कात्रजला आले आणि सांगून गेले, "मी रोज आठ तास रियाज करतो, असे मी आजवर सांगत आलो आहे. प्रत्यक्षात चार."

जबाब संपला की साळवे तो पहिल्यापासून वाचून दाखवत आणि खाली सही घेत. कोणी कौतुकानं नुसती सही द्यायला लागलं, तर कागद मागे ओढत. "कोऱ्या कागदावर सही करू नये. एवढे मोठे कलावंत तुम्ही, घरी कोणी सांगितलं नाही?"

सोसायटीतल्या एका तरुणानं, तो खराडीला नोकरी करतो, त्यांना सुचवलं, "काका, पॉडकास्ट सुरू करा ना. लोक ऐकतील."

"मी ऐकतो," साळवे म्हणाले. "ऐकवत नाही."

आमची ओळख अंकाची मुद्रितं तपासण्यावरून झाली. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, आणि ते मला त्याच नावानं हाक मारतात. दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी नलिनी गेली. त्यानंतर घरी भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी समजूत घालायचा. साळवे येऊन बसायचे आणि गप्प राहायचे. त्यामुळेच असेल, एका संध्याकाळी गच्चीवर मी त्यांना असं काही सांगितलं, जे आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

लग्नाआधी, आपटे असताना, नलिनी सदाशिव पेठेतून सायकलवर जाऊन तीन वर्षं एका थोर गायिकेकडे शिकत होती. त्यांना सगळे बाईच म्हणतात, मीही तेवढंच म्हणतो. लग्नानंतर चार महिन्यांत तिनं शिकणं सोडलं. मी 'सोड' म्हटलं नव्हतं. पण 'सोडू नकोस' असंही म्हटलं नव्हतं. मुळात मी फार बोलत नाही. ती घरी गायची, कामं करता करता, आणि मी पुस्तक वाचत असायचो. का सोडलंस, हे मी एक्केचाळीस वर्षांत विचारलं नाही. आता तेवढाच एक प्रश्न माझ्यापाशी उरला होता, आणि उत्तर देणारं माणूस नव्हतं.

साळव्यांनी ऐकून घेतलं आणि ते खाली निघून गेले.

त्या बाई म्हणजे साळव्यांचं दैवत, हे मला ठाऊक होतं. त्यांच्या एका खोलीच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे आणि तिच्याखाली वर्तमानपत्रातून कापलेला बाईंचा फोटो. अकरा वर्षं ते बाईंना दर दिवाळीला पत्र पाठवत होते. उत्तर नव्हतं. या वर्षी आलं. जबाबासाठी त्यांनी चाळीस प्रश्न काढले होते. चार पानं, सुवाच्य अक्षरात.

"ग्रंथपाल, चपला घाला," ते दारात येऊन म्हणाले. "पंच म्हणून चला."

एरंडवण्यात बाईंच्या सूनबाईंनी दारातच सांगितलं, "वीस मिनिटं हं. त्यांना दम लागतो." बाई खिडकीपाशी बसल्या होत्या. साळव्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. 

"नाव?" त्यांनी विचारलं.

बाईंनी कौतुकानं सांगितलं. "आणि वय ऐंशी लिहा."

"खरं?"

"चौऱ्याऐंशी. भारी आहात हो तुम्ही!"

"धंदा?"

"गाणं होतं."

साळव्यांची पेन्सिल थांबली. "होतं की आहे?"

 "आहे लिहा," त्या म्हणाल्या.

मग साळव्यांनी चाळीस प्रश्नांची चारही पानं उलटी करून मांडीखाली ठेवली आणि विचारलं, "नलिनी आपटे नावाची मुलगी आपल्याकडे शिकायला होती काय?"



"किती मुली आल्या, गेल्या. मला आठवत नाही."

'मला आठवत नाही' हे साळव्यांनी आयुष्यभर निमूटपणे लिहून घेतलं असेल. या वेळी त्यांनी लिहिलं नाही.

"पुन्हा विचारतो. सदाशिव पेठेतून सायकलवर यायची."

"सगळ्याच सायकलवर यायच्या हो."

"डावखुरी होती."

सूनबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. बाईंची मान हळूच वर झाली. "तंबोरा उलटा धरायची. हातावर चापट मारायचे मी. नलू! अहो, नलू ती!"

"तिनं शिकणं का सोडलं?"

"साळवे, राहू द्या," मी म्हणालो.

"पंचांनी मध्ये बोलू नये," साळवे माझ्याकडे न बघता म्हणाले.

बाई सांगू लागल्या. "रागावले होते मी तिच्यावर. विचारलं, नवरा नको म्हणतो का गं? तर म्हणते, नाही बाई, तो काहीच म्हणत नाही. इथे सूर लागला, सूर गेला, हे सकाळपासून चालू असतं, मला भीती वाटते. तिथे मी वाट्टेल तशी गाते. तो पुस्तकातून मान वर करत नाही. फक्त मी गात असेपर्यंत पान उलटायचा थांबतो. मला तेवढंच गायचंय, म्हणाली. काय बोलणार मी यावर?" त्या हसल्या. "कुठे असते आता?"

साळव्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गेली ती, बाई," मी म्हणालो. "दोन वर्षं झाली. मी तिचा नवरा."

बाईंनी हात पुढे केला, मी जवळ जाऊन तो धरला. "म्हणजे काही न बोलणारे ते तुम्हीच," त्या म्हणाल्या.

साळव्यांनी जबाब वाचून दाखवला. बाईंनी चाचपडत सही केली. वीस मिनिटं संपली होती. सूनबाईंनी सरबत दिलं आणि बाईंना आत नेलं. पुढच्याच आठवड्यात बाई दुसऱ्या मुलाकडे परदेशी जाणार होत्या, कायमच्या, हे आम्हाला दारात चपला घालताना कळलं.

परतीच्या बसमध्ये साळव्यांनी जबाबाचा कागद घडी करून माझ्या खिशात ठेवला. "हा अंकात येणार नाही. खाजगी आहे. लघुलिपीत आहे, समजेल अशा अक्षरात उद्या लिहून देतो."

"आणि तुमचे चाळीस प्रश्न?"

"साधेच होते."

"पहिला कोणता होता?"

साळवे खिडकीशी बसले होते. स्वारगेट गेलं. मला वाटलं, आता सांगत नाहीत.

"तरुणपणी बाईंचं गाणं मांडवाबाहेर उभा राहून ऐकायचो," ते म्हणाले. "विचारायचं होतं, की रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसापर्यंत आवाज पोचतोय, हे गाणाऱ्याला आत कळतं का."

"विचारायला हवं होतं, साळवे."

"पोचत होता, एवढं मला माहीत आहे," ते म्हणाले, आणि उठून त्यांनी खिडकीची जागा मला दिली.