बिजलीचं बाळंतपण

बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही आणि 'काहून', म्हणजे 'का', असं विचारायचं नाही. आमच्या घरातला हा नियम असा दोन भागांत आहे, आणि दुसरा भाग पहिल्यापेक्षा कडक आहे. पहिला मोडला तर भागीरथाआत्या नुसती बाळंतिणीवर रागावते. दुसरा मोडला तर मुलींच्या अख्ख्या शिक्षणावर.

भागीरथाआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. राज्यांची वाटणी झाली त्या साली नागपूर तिकडे मराठी मुलखात गेलं आणि आम्ही जबलपूरवाले मध्यप्रदेशात राहिलो. त्याच साली बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ग्वारीघाटला जाऊन घरातले सगळे देव नर्मदेत सोडले. एवढी उलथापालथ झाली, पण आत्याचे नियम ना सीमेवर अडकले, ना नर्मदेत बुडाले. बाबा, म्हणजे पोस्टातले हेडक्लार्क गुलाबराव, दर रविवारी विहारात भाषण करतात, "कोणी मोठ्यानं सांगितलं म्हणून मानू नका. तपासून पाहा!" टाळ्या पडतात. मग ते घरी येतात आणि आत्या सांगेल त्या दिशेला डोकं करून झोपतात.

या मे महिन्यात आमच्या गढा मोहल्ल्यातल्या घरात एकाच आठवड्यात दोन बाळंतपणं झाली. एक माझ्या शकुवहिनीचं. (दिवाकरदादा इटारसीला नोकरीवर, आणि वहिनीला माहेरी आई नाही, म्हणून ती इथेच.) दुसरं बिजलीचं. बिजली ही आमची बकरी. तिला दोन पिल्लं झाली, एक काळं आणि एक कबरं.

आत्या भेदभाव मानत नाही. जे वहिनीला, ते बिजलीला. वहिनीच्या कानाला फडकं, बिजलीच्याही कानाला फडकं. वहिनीच्या अंगावर जुनं लुगडं, बिजलीच्या अंगावर त्याच लुगड्याचा उरलेला अर्धा भाग. वहिनीला वाटीभर ओव्याचं पाणी, तेही सकाळ-संध्याकाळ मोजून. बिजलीला तेवढंच. बाहेर ऊन असं की कावळे सावलीतून हलत नव्हते.

वहिनीच्या पाण्याबद्दल मी एकदा आवाज उठवला होता. पण वहिनीच हळूच म्हणाली, "जाऊ द्या शैलाताई, आत्याबाई रागावतील." मग मी जाऊ दिलं. (मी बंडखोर आहे, पण कोणी आग्रह केला तर थांबते.)

बिजली मात्र 'जाऊ द्या' म्हणाली नाही. ती काहीच म्हणेना. चौथ्या दिवशी तिनं चारा सोडला. कास चिंचोक्यासारखी आक्रसली. काळं पिल्लू ढुशा देऊन देऊन दमलं, आणि कबरं तर उभंच राहीना. मी त्याला गोणपाटानं चोळलं, कापसाच्या बोळ्यानं गाईचं दूध तोंडात पिळलं. अर्धं त्याच्या नाकात गेलं, अर्धं माझ्या बाहीत. (मी बी.एस्सी. आहे, प्राणिशास्त्र घेऊन. मला बेडूक उत्तम कापता येतो.)

"आत्या, तिला पाणी द्यायला पाहिजे."

"बाळंतिणीले पानी देत नसते."

"काहून?"

आईच्या हातातली पळी थांबली.

"पोट सुटते," आत्या म्हणाली.

"बकरीचं पोट सुटलं तर कोण नावं ठेवणार आहे तिला?"

"लीला," आत्या आईला म्हणाली, "तुया पोट्टीले कालेजात हेच शिकवून राह्यले का वं?"

आईनं मला डोळ्यांनी गप्प बसवलं. आत्या बिजलीजवळ खाट टाकून बसली, हातात पंखा घेऊन. पहाराच तो! तेव्हा मी ठरवलं, आत्याची दुपारची डुलकी लागली की बकरीला गुपचूप जनावरांच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. निर्णय एवढासाच होता.

सायकलरिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी केली. रिक्षावाल्यानं विचारलं, "दीदी, सवारी कितनी?"

"दो. और दो बच्चे."

सवारी पाहिल्यावर तो खाली उतरला. बऱ्याच विनवण्यांनंतर पिल्लांची टोपली पायाशी ठेवली आणि बिजलीला उचलून माझ्याशेजारी बसवलं. तिच्यात उतरायची ताकद नव्हती. घाईत मी तिचं फडकंही सोडलं नाही आणि लुगडंही काढलं नाही. उन्हासाठी रिक्षाचं छत वर ओढलं. बिजलीनं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि डोळे मिटले.

बडा फुहाऱ्याच्या बाजारातल्या गर्दीत रिक्षा अडकली. मागून ओळखीचा आवाज आला, "शैला! अवं शैला!" आमच्या शेजारच्या पुष्पाबाई. कापडाच्या दुकानाच्या पायरीवर हातात गठ्ठा घेऊन उभ्या. त्यांना मागच्या फटीतून दिसत होतं ते एवढंच, पांढरं फडकं बांधलेलं डोकं, ओळखीचं हिरवं लुगडं आणि माझा खांदा.

"काय झालं वं तिले?"

"हालत खराब आहे, मावशी! पाण्याविना ठेवलं ना घरच्यांनी! दवाखान्यात नेऊन राहिली!"

पुष्पाबाईंच्या हातातून कापडाचा गठ्ठा पडला. मला वाटलं, केवढं हे मुक्या जिवावर प्रेम. तेवढ्यात रिक्षा सुटली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बिजलीची कातडी चिमटीत धरून सोडली, डोळे पाहिले, दात पाहिले. मग मला पाहिलं.

"पानी कब पिलाया था?"

"वो... जच्चा है ना, इसलिए नहीं पिलाते."

"किसने बोला?"

"बुआ ने."

"बुआ डॉक्टर हैं?"

"नहीं. बुआ हैं."

"और आप क्या करती हैं?"

"बी.एस्सी.," मी शक्य तितक्या हळू म्हणाले.

"बेटी, इसको कोई बीमारी नहीं. ये प्यासी है. आप लोग इसको मार रहे हैं." त्यांनी कोमट पाण्यात गूळ आणि चिमूटभर मीठ घालून बादली पुढे सरकवली. एकदम नको, थोडं थोडं. बिजलीनं तोंड बुडवलं आणि असा आवाज केला की टोपलीतलं काळं पिल्लू उठून उभं राहिलं. दुसऱ्या खेपेला तिनं कान हलवले. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांच्या टेबलावरचा कागद खाल्ला. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या.

मी विजयी वीरासारखी गल्लीत शिरले, तर समोरून बाबा सायकल फेकून धावत येत होते. पोस्टातली टोपी नव्हती, एका पायात चप्पल नव्हती. मागे पुष्पाबाई पदरानं डोळे पुसत. पुष्पाबाईंनी बडा फुहाऱ्याहून थेट पोस्ट गाठलं होतं, आणि बाबा बायकांच्या दवाखान्यातली एकेक खाट पाहून आले होते.

रिक्षाकडे न बघताच ते घरात घुसले. मी मागोमाग. आत्या खाटेवरून दचकून उठली.

"बाई! पाणी काहून नाही दिलं तिला?" बाबा ओरडले. बाबा आत्यावर ओरडले! आईनं भिंतीला हात लावला.

"बाळंतिणीले देत नसते, गुलाब..."

"शैला, डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, तुम्ही लोक तिला तहानेनं मारून राहिले."

बाबा मटकन खाली बसले. दोन्ही हातांत डोकं धरलं. "आता दिवाकरला काय तोंड दाखवू मी!"

"दादाचं काय त्यात?" मी म्हणाले. "त्याला तर ती आवडतच नव्हती. शिंगं मारते म्हणत होता."

बाबांनी डोकं वर केलं.

"कोण?"

"बिजली."

"शकु कुठे आहे?"

"आतल्या खोलीत. ती कुठे जाणार? पण बिजलीला लवकर उतरवा बाबा, ती रिक्षावाल्याचा गमछा खाऊन राहिली."

बाबांनी दारातून पाहिलं. बिजली फडकं बांधलेल्या डोक्यानं गंभीरपणे गमछा चघळत होती. त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. ते हसायला लागले. आई हसली. पुष्पाबाई तर डोळे पुसता पुसता हसल्या.

"हात् तुझी! बकरी होय!" बाबा धापा टाकत म्हणाले. "अवं, माझा जीवच गेला होता. मला वाटलं, शकुला पाणी दिलं नाही! बकरी होय... मग काही हरकत नाही."

"आता कसा बोलला," आत्या खाटेवर परत टेकत म्हणाली.

रिक्षावाल्यानं बिजलीला उतरवलं. ती अंगणात स्वतःच्या पायांनी आली आणि आईनं पुढे ठेवलेल्या बादलीत तोंड बुडवलं. पिल्लांनी धावत जाऊन कास धरली. (कबरं दोनदा पडलं आणि चुकून आधी लुगडंच चोखलं, पण पोचलं.) सगळे कौतुकानं बघत होते, तेव्हा आतल्या खोलीच्या दारामागून आवाज आला. इतका बारीक की मला आधी पिल्लूच वाटलं.

"शैलाताई... बिजलीच्या बादलीत उरलं असलं तर घोटभर मला द्याल का?"

हसणं जागच्या जागी थांबलं.

मी दार लोटलं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. ओठांवर पापुद्रे आले होते. फडकं, लुगडं, मिटत जाणारे डोळे. असं डोकं मी तासापूर्वी खांद्यावर घेऊन अख्खं जबलपूर फिरले होते. बकरीसाठी.

मी माठाकडे गेले आणि तांब्या बुडवला.

"खबरदार!" आत्या दारात येऊन उभी राहिली. "बकरीचं येगळं आहे. सुनेचं येगळं आहे."

"सकाळपर्यंत तर एकच होतं!"

"शैला," बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, "बाई म्हणून राहिली तर... आणखी दोन-चार दिवस..."

"नाही," मी म्हणाले. म्हणाले म्हणजे ओरडले. "शकुवहिनी पाण्याविना मरायला टेकली या कल्पनेनंच तुम्ही आत्ता एका चपलेनं धावत आला होता ना, बाबा? ती इथेच आहे. तिची हालत तीच आहे जी तुम्हाला पुष्पामावशींनी सांगितली. मी विचारणार, काहून! रोज विचारणार! पोट सुटलं तर सुटू दे, ते तिचं पोट आहे. रविवारी विहारात जे सांगता ते तपासायचंच असेल तर या तांब्यापासून तपासा. आत्या, सरक बाजूला."

बाबांनी एका पायातली चप्पल काढून हातात घेतली आणि तिच्याकडे बघत राहिले. आईनं पदर तोंडाला लावला. पुष्पाबाईसुद्धा गप्प झाल्या, आणि हे गल्लीत कोणी खरं मानणार नाही. शेवटी आत्या दारातून एक पाऊल सरकली.

वहिनी घोटाघोटानं प्यायली. पूर्ण तांब्या. ओठ पुसले, डोळे मिटले, उघडले. मी बाजूला बसले होते. ती काही म्हणू पाहत होती. मी आभार ऐकायला नम्रपणे खाली वाकले.

"शैलाताई," ती म्हणाली, "बाळ आत्ताच कुठे झोपलं होतं हो. जरा हळू नसतं का म्हणता आलं?"

आणि तिनं किंचाळणारं, चिंब ओलं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. मी मदतीसाठी दाराकडे पाहिलं. वडीलधारे अजून गप्पच होते.