जितके आत, तितके बाहेर

लोकांच्या फ्रीजवर मुलांनी काढलेली चित्रं असतात, फार तर देवळाचं कॅलेंडर. आमच्या शेजारच्या सबनीसकाकांच्या फ्रीजवर एक हाताने काढलेला ग्राफ आहे. निळी रेघ आणि लाल रेघ. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं काकांची शुगर आणि बीपी असेल, म्हणून मी काळजीने म्हणाले, "काका, निळं बरंच वाढलंय हो."

"वाढणारच. निवडणुकीचं वर्ष होतं," काका म्हणाले.

निळी रेघ म्हणजे अमेरिकेत तयार झालेली पिस्तुलं आणि लाल रेघ म्हणजे रायफली. निवडणूक आली की बंदी येईल या भीतीने लोक आधीच खरेदी करून ठेवतात म्हणे. त्या दिवसापासून माझ्या डोक्याला जो भुंगा लागला तो लागलाच.

काकांची सगळी नोकरी कारखान्यात प्रॉडक्शन प्लॅनिंगमध्ये गेली. आधी पुण्यात, मग इथे डेट्रॉइटजवळ, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत. काकू गेल्यावर ते जवळच ट्रॉयला, आमच्या शेजारी, लेकीकडे राहायला आले. रिकाम्या वेळात इतर काका क्रिकेट बघतात. आमचे काका, कोणत्या कंपनीने किती बंदुका बनवल्या याचा सरकारी अहवाल वाचतात. आपण दिवाळी अंकाची वाट बघावी तशी त्याची वाट बघतात. आला की प्रिंट काढायची, भोकं पाडून फायलीत लावायची, मग फ्रीजवरची रेघ पुढे न्यायची. "प्रॉडक्शन खोटं बोलत नाही," हे त्यांचं पालुपद.

मंडळाच्या गणपतीत कुणी "काका, श्रीखंड घ्या ना" म्हणालं, की काका वाटी घेतात आणि विचारतात, "बंदुकांचे कारखाने उत्तरेतून दक्षिणेकडे चाललेत, लक्षात आलं का तुमच्या?" समोरच्याला एकदम पार्किंगमधली गाडी आठवते.

मधे एका वर्षी दोन्ही रेघा खाली आल्या. मी खूश होऊन सांगायला गेले, "काका, उत्पादन उतरलं की!"

काकांनी माझ्याकडे नव्या ट्रेनीकडे बघावं तसं बघितलं. "अगं, गाडी दहा-पंधरा वर्षांनी भंगारात जाते. ही वस्तू जाते का? नळ बारीक झाला म्हणून टाकी रिकामी होते होय?"

त्या दिवशी माझी भाजी करपली. असा माणूस शेजारी असणं म्हणजे निव्वळ छळ आहे, आणि हे मी त्यांच्या लेकीला तोंडावर सांगितलंय. ती म्हणाली, "तू निदान तुझ्या घरी तरी जातेस."

काकांचा खरा राग त्या अहवालावरच आहे. तो एक वर्ष उशिरा येतो. "म्हणजे गेल्या वर्षी घाबरायला हवं होतं ते मला आत्ता कळणार! आमच्याकडे शिफ्ट संपली की जेवढे पार्ट लाइनवर गेले तेवढ्यांचा हिशोब लागल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. काही गडबड दिसली की कुणीही दोरी ओढून लाइन बंद करायची. इथे दोरी कुठे आहे?"

मी हसायचे. दुसरं काय करणार?

मागच्या ऑगस्टमध्ये त्यांची नात ओवी आणि माझी रेवा एकाच शाळेत, एकाच वर्गात जायला लागल्या. महिन्याभराने ओवी घरी येऊन म्हणाली, "आजोबा, we had a drill! लाइट ऑफ करून सगळे कॉर्नरमध्ये बसलो. I was the quietest!" शाळेत कुणी बंदूक घेऊन शिरलं तर कसं लपायचं, याची ती तालीम. ओवी झोपेतसुद्धा बडबडते. काका ताटावरून उठले. रेवानेही मला हेच सांगितलं होतं. मी "छान हं" म्हणून पोळ्या लाटत राहिले होते.

पुढच्याच आठवड्यात काका शाळेच्या कोपऱ्यावर दिसले. भडक पिवळं जॅकेट, डोक्याला माकडटोपी, हातात STOP लिहिलेली लाल पाटी. मुलांना रस्ता ओलांडून द्यायचं काम त्यांनी घरात कुणालाही न विचारता मिळवलं होतं.

"मिळाली का दोरी?" मी चिडवलं.

"मिळाली," काका गंभीरपणे म्हणाले.

जानेवारीत एकदा मी घरून काम करत होते, म्हणून रेवाला घ्यायला गेले. शाळा सुटून गेली होती. बर्फ पडत होता. काका दोन्ही मुलींना घेऊन कोपऱ्यावर उभेच.

"चला ना काका, गारठलोय आपण."

"एक कमी आहे."

"काय कमी आहे?"

त्यांनी खिशातून डायरी काढली. रोज सकाळी त्यांच्या कोपऱ्यावरून आत गेलेली मुलं आणि दुपारी बाहेर आलेली मुलं. पानंच्या पानं. "सकाळी तेवीस गेली. बावीस आली. जांभळ्या बुटांची आली नाही."

"अहो, गेली असेल आईबरोबर गाडीतून."

"असेल नको. आहे ते सांग."

मी वैतागून काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात शाळेकडे लक्ष गेलं. शाळा नेहमीसारखीच शांत होती. मी रेवाचा हात इतका घट्ट धरला की ती ओरडली. मला भीती वाटली. ग्राफ बघून रोज जी हसण्यावारी नेली, ती सगळी भीती एकदम वाटली.

आम्ही चौघं शाळेच्या दारापर्यंत चालत गेलो. बेल दाबली. ऑफिसमधली बाई स्पीकरवरून म्हणाली, त्या मुलीला ताप आला, वडील तिला दुपारीच घरी घेऊन गेले. काकांनी तिला ते परत सांगायला लावलं. मग डायरीत लिहायला लागले. पेन बर्फात पडलं. मी उचलून दिलं.

"घरी आहे," त्यांनी लिहिलं आणि माकडटोपीच्या टोकाने डोळे पुसले. "अगं, ह्या पाटीने काय थांबतं नि काय नाही, मला कळत नाही का? पण हे तरी वर्षभराने कळायला नको. ह्याचा हिशोब आजच लागला पाहिजे."

तेव्हापासून रोज दुपारी, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना, काकांचा मेसेज येतो. "तेवीस, तेवीस." बाकी काही नाही. तो येईपर्यंत समोरचा काय बोलतोय ते माझ्या कानात शिरत नाही. एकदा त्यांना पाच मिनिटं उशीर झाला, तर मी गाडीची किल्ली हातात घेऊन उभी होते.