बाकावरचे पर्याय

आमच्या दूध संघातला संगणक निर्णयाचे पर्याय कागदावर छापत नाही; पर्याय स्वतः संगणकखोलीतून चालत येतात आणि माझ्या कारकुनी टेबलासमोरच्या बाकावर बसतात. व्यवस्थापकांनी प्रत्येकाशी बोलून एकाला निवडायचे. निवडलेला अमलात येतो, बाकीच्यांनी कार्यालय बंद व्हायच्या आत परत खोलीत जायचे.

सोमवारी प्रश्न होता खडेवाडीच्या दुधाचा. उन्हाने ते वाटेतच नासत होते. आधी 'खडेवाडीचे संकलन बंद' आला. कडक इस्त्रीचा शर्ट; बसण्यापूर्वी त्याने बाक पुसला. मागून 'नवे शीतयंत्र' ही उंच मुलगी आली. तिने हात मिळवला आणि माझा हात कोपरापर्यंत बधिर झाला. 'काहीच न करणे' यांना आम्ही अण्णा म्हणतो. मागचे साहेब दर वेळी त्यांनाच निवडत, त्यामुळे ते कित्येक वर्षे खोलीत परत गेलेच नव्हते. ते अतिथिगृहात राहतात. तिथूनच वर्तमानपत्र घेऊन आले.

व्यवस्थापक वसुधा कडोले मॅडम मात्र नव्या होत्या. हा त्यांचा पहिलाच निर्णय, त्यामुळे बाटल्या धुणाऱ्यांपासून ड्रायव्हरांपर्यंत सगळे दाराशी जमले होते.

बाकाच्या टोकाला खडेवाडीच्या कुसूम खिलारे बसल्या होत्या. त्या तक्रार घेऊन आल्या होत्या. "आज दूध परत आलं तर म्हैस इकायची, असं मालकांनी ठरवलंय," त्या मला म्हणाल्या.

मॅडमनी सुरुवात केली.

"मला निवडलंत तर खडेवाडीचं दूध नासण्याचं प्रमाण शून्य होईल," इस्त्रीवाला म्हणाला.

"दूधच घेणार नाही म्हणून?"

"शून्य ते शून्यच, मॅडम."

शीतयंत्राला त्या म्हणाल्या, "तुमची खरेदी मंजूर व्हायला पावसाळा उजाडेल." मुलीने मान खाली घातली.

"माझा कुणाला काही त्रास नसतो," अण्णा म्हणाले. "तेवढा चहा सांगा."

"झालं. पुन्हा अण्णाच," दारातून ड्रायव्हर पुटपुटला.

मग मॅडम कुसूमताईंकडे वळल्या. "तुमचे फायदे?"

मी खुलासा करणार होतो, पण बाकावर बसलेल्यास पर्याय समजावे, असा नियम आहे.

"फायदा कसला, बाई? दूध नासतंय, म्हैस जायची पाळी आलीया."

"तोटा नोंदवला. अंमलबजावणी कधीपासून?"

"गाडी मिळाली तर ही निघाले."

मॅडमनी पेन उघडले. "आज अमलात येऊ शकणारा हा एकच पर्याय दिसतो." त्यांनी सही केली. संगणकाने मान्यता दिली. दारातल्या लोकांनी श्वास सोडला तो मला टेबलापर्यंत ऐकू आला.

कुसूमताई अमलात आल्या आणि त्यांनी आधी त्या मुलीचे मनगट धरले. "किती गारठलीयास गं. चल माझ्यासंगं."

"त्यांची खरेदी मंजूर नाही," मॅडम म्हणाल्या.

"इकत कोण घेतंय? गाडीत बसंल नुसती."

नियमात हरकत सापडली नाही.

संध्याकाळी खडेवाडीची गाडी आली तेव्हा आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. मुलगी मागे कॅनच्या मधोमध, दोन्ही हातांनी दोन कॅन कवटाळून बसली होती. झाकणांवर दव होते. तपासनीसाने दूध तापवले. आम्ही सगळे पातेल्यावर वाकलो. दूध वर आले, फाटले नाही. ड्रायव्हरने मला उचलून गोल फिरवले. या वयात मला कुणी उचलले नव्हते.

गाडीसोबत परतलेल्या कुसूमताईंनी घरी फोन लावला. "म्हशीला पेंड घाला. न्हाई, न्हाई इकायची."

हा निर्णय रोजचा असल्यामुळे मुलीची सोय अतिथिगृहात, अण्णांनी रिकाम्या केलेल्या खोलीत करण्यात आली. इस्त्रीवाला केव्हाच परत गेला होता. अण्णा उशी काखेत घेऊन संगणकखोलीच्या दाराशी थांबले.

"आत दिवा असतो का हो?" त्यांनी विचारले.

मला माहीत नव्हते. मी आत हात घालून भिंत चाचपली. बटण होते.