गळतीचा डबा

तारळेकरांच्या फिरत्या घराच्या छतातली गळती कंपनीने दुरुस्तीसाठी कोईमतूरला मागवून घेतली, आणि घर मात्र पाठवू नका असं स्पष्ट कळवलं.

त्यात वावगं काही नव्हतं. वॉरंटीच्या पुस्तिकेत सातव्या पानावर छापलेलंच होतं की बिघाड स्वच्छ डब्यात घालून विक्रेत्याकडे पोचता करावा, वाहन सोबत जोडू नये. दिनकरराव तारळेकरांनी हे पान गाडी घेतानाच वाचलं होतं. ते प्रत्येक पान वाचत. तेहतीस वर्षं त्यांनी विट्याच्या मोजणी कार्यालयात काढली होती, आणि न वाचता सही करणाऱ्याचं पुढे काय होतं ते रोज टेबलापलीकडे बघितलं होतं.

घर म्हणजे जीपच्या मागे जोडायची चाकांवरची एक खोली. दोन गाद्या, एक शेगडी, एक मोरी आणि दोन खिडक्या. ते घेण्यामागे दिनकररावांचा एक खासगी विचार होता, जो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता. त्यांना घर सोडून कुठे जाणं जन्मात जमलं नव्हतं. परगावी लग्नाला गेले की पंगतीत बसल्याबसल्या ते शेजारच्याला परतीच्या एसटीची वेळ विचारत. घरच सोबत घेतलं तर ते सोडावं लागणार नाही, असा त्यांनी तोडगा काढला होता.

सुलभाबाईंचं नेमकं उलटं. चौतीस वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला, शेकडो मुलींकडून नकाशात धनुष्कोडी भरून घेतलं, आणि स्वतः कोल्हापूरच्या पुढे गेल्या नव्हत्या. "जमीन कशी संपते ते मला एकदा बघायचंय," असं त्या लग्नाच्या वर्षी म्हणाल्या होत्या, आणि दिनकरराव "नेतो" म्हणून मोकळे झाले होते. मग दरवर्षी मोजणी निघाली. यंदा मात्र बाईंनी सांगून टाकलं, की पाडव्याच्या आत आपण निघालो तर निघालो, नाहीतर मी शेजारच्या निर्मलाताईबरोबर यात्रा कंपनीच्या बसने जाईन, तुम्ही आपलं घर सांभाळा. हे त्या अजिबात न रागावता म्हणाल्या. दिनकररावांनी ते खरं मानलं ते त्यामुळेच.

आणि अशा वेळी गळती. पाऊस नव्हता, छतावर पाण्याची टाकी नव्हती, तरी सुलभाबाईंच्या उशीवर दर सव्वा मिनिटाने एक थेंब पडे. दिनकररावांनी घड्याळ लावून मोजलं होतं. उशी सरकवली की थेंबही सरके.

त्यांनी कोईमतूरला फोन लावला. विक्रेत्याच्या तक्रार विभागात सेल्वी मॅडम होत्या. त्या मराठी बोलत, आणि तीही खानापूर तालुक्याची. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात विट्याकडची माणसं देशभर पांगलेली आहेत, त्यातली पुष्कळशी कोईमतुरात आहेत, आणि सेल्वी मॅडम त्यांच्या शेजारात वाढल्या होत्या.

"गळती थेंबाची हाय का धारंची?" त्यांनी विचारलं.

"थेंबाची. दर सव्वा मिनिटाला एक."

"मग दोन नंबरचा डबा चालंल. झाकण घट्ट पाहिजे बघा. वाटंत गळती वाढली तर जबाबदारी मालकाची."

"आणि तक्रार बंद कशी होईल?"

"गळती आम्ही इथं नीट करणार. म्हणजे ती उरत न्हाई. डबा मोकळा परत येणार. तो तुम्ही गाडीत नेऊन उघडायचा, आत काही न्हाई असं बघायचं, आणि फॉर्मवर सही करायची. मगच गाडी रस्त्यावर काढायची."

दिनकररावांना ही पद्धत पसंत पडली. अशी शिस्त त्यांच्या खात्यात असती तर निम्मे बांध सरळ राहिले असते.

गळती काढायचं काम सुलभाबाईंनी केलं. स्टुलावर चढून त्यांनी पातळ उलथनं छताला लावलं आणि तव्यावरून धिरडं सोडवावं तशी ती कडेकडेने सोडवली. एका जागी जरा चिकटली होती, तिथे त्यांनी दोन थेंब तेल सोडलं. मग ती डब्यात घालून वर झाकण लावलं, आणि कान लावून ऐकलं. आत सव्वा मिनिटाने टप असा आवाज आला.

कुरियर वगैरे करण्याचा प्रश्नच नव्हता. विट्यात वस्तू जाणाऱ्या माणसाच्या हाती पाठवतात. कोईमतूरचे संपतराव देवकर, ज्यांच्या शब्दावर विसंबून दिनकररावांनी एवढ्या लांबून गाडी घेतली होती, ते जत्रेसाठी गावी आले होते आणि परत निघाले होते. त्यांच्या पिशवीत आधीच कुणाची शेंगाची चटणी होती, कुणाची बाजरी होती, कुणाचं जातीचं प्रमाणपत्र होतं. त्यात गळतीचा डबा आडवा न करता बसवला गेला.

कंपनीने काम चोख केलं. चार दिवसांत गळती दुरुस्त झाली, म्हणजे उरली नाही. मोकळा डबा देवकरांच्या घरी पोचता झाला, आणि तिथून तो दुसऱ्या एका जाणाऱ्या माणसाच्या हाती विट्याला आला. पाडव्याला नऊ दिवस होते. दिनकररावांनी डबा गाडीत नेला, नियमाप्रमाणे उघडला आणि आत बघितलं. आत काही दिसलं नाही. त्यांनी फॉर्मवर सही केली, पण पोस्टात टाकायला दुसऱ्या दिवशी जाऊ म्हणून तो खिशात ठेवला. ते एक बरं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाली. नवी गाडी आधी तासभर चालवून बघू, ठीक वाटली तर तसंच पुढे जाऊ, असं ठरलं होतं. सुलभाबाईंनी नकाशा मांडीवर घेतला होता. तासगावच्या पुढे चहा प्यायला म्हणून दोघं मागच्या घरात जाऊन बसली. सुलभाबाईंनी शेगडी पेटवली, आधण ठेवलं, आणि एकदम त्यांचे डोळे भरून आले.

"अहो, परत जाऊ या," त्या म्हणाल्या.

"का गं?"

"काय माहीत. तुळशीला पाणी घातलं का आपण?"

पाणी घातलं होतं. तरी दोघं परत आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा निघाली, आणि मिरजेला जेवायला घरात बसली तेव्हा सुलभाबाईंना आपल्या स्वयंपाकघरातल्या खिडकीची आठवण होऊन घास उतरेना. पाचव्या दिवशीही तेच. ज्या बाईने चौतीस वर्षं लोकांच्या मुलींना जग दाखवलं, तिला मिरजेपुढे जग नकोसं व्हावं याचं दिनकररावांना फार वाईट वाटलं. स्वतःला तसं वाटण्याची त्यांना सवय होती. जीपमध्ये पुढे बसलं की सुलभाबाई ठणठणीत असत, हेही त्यांनी टिपून ठेवलं.

त्यांनी सेल्वी मॅडमना फोन लावला. मॅडमनी लक्षणं लिहून घेतली आणि म्हणाल्या, "ह्यो आमच्या गाडीचा बिघाड न्हाई. डबा कुणाकुणाच्या हातातनं आला?"

डबा देवकरांच्या घरून आला होता. तेव्हा तिकडे फोन लावला. फोन संपतरावांच्या बायकोने उचलला. ती विमल, सुलभाबाईंची एके काळची विद्यार्थिनी. सुलभाबाईंनी स्वतः फोन हातात घेतला.

"विमल, त्या डब्यात काही घातलं होतंस का?"



"बाई, मोकळा डबा कसा पाठवायचा?" विमल म्हणाली. "माझ्या हातनं ते हुतच न्हाई. साखर घालाय गेले तर ह्यांनी सांगितलं, ह्यो बिघाडाचा डबा हाय, ह्यात खायचं काय घालू नगंस. मग म्हटलं, बिघाडाचा डबा तर बिघाडच घालावा. घरात शोधलं. पंखा नीट, मिक्सर नीट, नळ नीट. एकच गोष्ट कवापासनं नीट नव्हती."

"काय?"

"मला हितं करमत नव्हतं, बाई. लगीन करून आले तवापासनं. एकोणतीस वर्षं. तेच घातलं."

सुलभाबाई खुर्चीवर बसल्या. विमल पुढे सांगत होती की आता तिला फार छान वाटतंय. शेजारणीबरोबर ती रोज संध्याकाळी बागेत जाते. तिकडची भाषा तिला सगळी कळतेच, पण परवा पहिल्यांदा तिने त्या भाषेत कुणाची तरी चेष्टा केली आणि पाचसहा बायका हसल्या. मग तिचा आवाज खाली आला. "तुम्हाला तरास झाला व्हय, बाई? परत पाठवा मग. माझंच हाय ते."

"काही त्रास नाही," सुलभाबाई म्हणाल्या. "सहज विचारलं. तू बागेत जात जा."

फोन ठेवून त्यांनी नकाशाची घडी घातली आणि ती कपाटात ठेवली. पाडव्याला तीन दिवस होते. "निर्मलाताईला कळवते," त्या म्हणाल्या. "तिच्या बसमध्ये एक जागा आहे अजून."

दिनकरराव बाहेर ओट्यावर जाऊन वॉरंटीची पुस्तिका वाचत बसले. परक्या बिघाडाचे नियम बाविसाव्या पानावर होते. बिघाड मूळ मालकाला परत करता येत होता, पण तो रस्ता बंद झाला होता. डब्यात ठेवता येत नव्हता, कारण डब्यातला बिघाड प्रवासात धरला जातो आणि तक्रार उघडी राहते. राहत्या घरात ठेवावा म्हटलं तर घर स्थावर मालमत्ता, तिचा या वॉरंटीशी संबंध नाही. शेवटची एकच ओळ उरली होती. त्यांनी ती दोनदा वाचली आणि खात्रीसाठी कोईमतूरला फोन लावला.

"नोंदणीकृत मालक म्हणजे मीच ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय. नोंदणीकृत मालकाला बिघाड अंगावर घेता येतो. मग गाडी मोकळी होईल, तक्रार बंद होईल." सेल्वी मॅडम म्हणाल्या. "पण काका, एकोणतीस वर्षांचं साठलेलं हाय. जड जाईल."

"मला थोडी सवय आहे," दिनकरराव म्हणाले.

ते घरात आले आणि सुलभाबाईंना म्हणाले, "उलथनं आण."

सुलभाबाईंनी आधी साफ नकार दिला. मग पुस्तिकेतली ओळ त्यांनी स्वतः वाचली, नवऱ्याकडे बघितलं, आणि पुन्हा वाचली. "तुम्हाला आधीच तासगावच्या पुढे नको होतं," त्या म्हणाल्या. "आता हे वर घेऊन तुम्ही समुद्रापर्यंत गाडी चालवणार?"

"चालवायची म्हणजे पाय दाबायचा. पायाला कुठे काय वाटतं?"

बिघाड छतापासून जमिनीपर्यंत सगळीकडे पसरलेला होता, त्यामुळे वेळ लागला. सुलभाबाईंनी तो गोळा करून दिनकररावांच्या पाठीवर, सदऱ्याच्या आतून, नीट बसवला. ते थोडे वाकले. खिशातला फॉर्म काढून त्यांनी त्यावर तारीख घातली, शेजारी 'स्वीकारला' असं लिहिलं, आणि फॉर्म पोस्टात टाकून आले. पोस्ट दोन गल्ल्या पलीकडे होतं. येताना ते जवळजवळ पळतच आले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ते निघाले. मिरजेला दिनकरराव रडले. बेळगावला रडले, हुबळीला गाडी थांबवून रडले आणि पाणी पिऊन पुन्हा बसले. रस्त्यात जो भेटेल त्याला ते विट्याचे आहात का असं विचारत, आणि तीन ठिकाणी माणूस खरंच विट्याचा निघाला, तेव्हा त्यांना आवरणं कठीण गेलं. मदुराईला त्यांनी हॉटेलात भाकरी मागितली आणि नाही म्हटल्यावर बराच वेळ भिंतीकडे बघत बसले. गाडी मात्र त्यांनी एकदाही मागे वळवली नाही. सुलभाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत आणि नकाशातलं पुढचं गाव मोठ्याने वाचून दाखवत.

सहाव्या दिवशी दुपारी रस्ता संपला. दोन्ही बाजूंना समुद्र होता आणि पुढेही समुद्रच होता. सुलभाबाई चपला काढून वाळूत उतरल्या आणि जमीन कशी संपते ते बघायला लागल्या. ती एकदम संपत नव्हती. पाणी यायचं तेव्हा संपायची आणि पाणी गेलं की थोडी पुन्हा असायची. हे त्यांनी वर्गात कधी सांगितलं नव्हतं.

दिनकरराव मागच्या घराच्या पायरीवर बसले होते, समुद्राकडे पाठ आणि विट्याकडे तोंड करून. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

तासाभराने सुलभाबाई त्यांच्याजवळ आल्या. "निघायचं का?" त्यांनी विचारलं.



"तुझं बघून झालं?"

"नाही अजून."

"मग बघ," दिनकरराव म्हणाले. "मी बसलोय."